हातात दिलेला चाकू

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या धोंडू शिवलकराने एकतीस वर्षं बोटीवर नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत घरी काय आणलं, तर चाकू. त्याच्या बरोबरीचे लोक टेपरेकॉर्डर आणायचे, घड्याळं आणायचे, बायकोसाठी सेंटच्या बाटल्या आणि जपानी साड्या आणायचे. धोंडू सुटीवर आला की वाडीतले लोक आशेने त्याच्या ट्रंकेभोवती जमायचे, आणि ट्रंकेतून निघायचे चार कपडे, साबणाच्या वड्या आणि पायमोज्यात गुंडाळलेले पाच-सहा चाकू. पहिल्या खेपेला तर त्याच्या आईने डोळ्याला पदर लावला. एवढा सातासमुद्रापलीकडे जाऊन पोरगा सुऱ्या-चाकू घेऊन येतो, याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं तिने शेजारच्या सखूला खरोखरीच विचारलं होतं.

डोकं ठिकाणावरच होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एकोणीस वर्षांचा असताना, धक्क्याला बोट बांधताना ताणलेल्या दोराच्या वेटोळ्यात त्याचा पाय सापडला. बोट मागे सरकत होती आणि दोर आवळत चालला होता. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, त्याला सारंग म्हणतात, धावत आला, खिशातून चाकू काढून दातांनी उघडला आणि अंगठ्याएवढा जाड दोर दोन ओढींत कापला. धोंडूचा पाय राहिला. संध्याकाळी सारंगाने तोच चाकू मिटून त्याच्यासमोर डेकवर ठेवला आणि म्हणाला, "हातात नाय देणार, तुज्या-माज्यात भांडण लागेल. खाली ठेवलाय, उचल."

सारंग दाभोळकडचा होता. आपल्याकडे कुठल्याही घरात हे बघायला मिळतं. मिरची, मीठ, सुरी या वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत. दिल्या की त्या दोघांत वितुष्ट येतं. एकाने खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. धोंडूची आई विळा असाच द्यायची, आजी असाच द्यायची. धोंडू जगातली साठ-सत्तर बंदरं फिरला, सतरा देशांच्या लोकांबरोबर जेवला, पण चाकूच्या बाबतीत हा नेम त्याने कधी मोडला नाही. परदेशातले दुकानदार चाकू पुढे करायचे आणि हा त्यांना गल्ल्यावर ठेवायची खूण करायचा. त्यांना वाटायचं, याला चाकू पसंत नाही.

त्याचे चाकू म्हणजे घडीचे चाकू. पातं मिटून मुठीत जाणारे, खिशात राहणारे, जिथल्या तिथल्या कामकरी माणसांचे. मेंढपाळांचे, कोळ्यांचे, द्राक्षाच्या मळेवाल्यांचे. बटण दाबून सटकन उघडणारे चाकू त्याने कधी घेतले नाहीत. ते गुंडांचे, असं त्याचं मत, आणि त्यांच्यापायी पोलीस दारात येतात ते वेगळंच. कुठल्या चाकूची मूठ ऑलिव्हच्या लाकडाची, कुठल्याची मेंढ्याच्या शिंगाची, कुठल्याचं पातं उघडताना कटकट असा आवाज करतं, हे तो समोर बसवून एकेक दाखवायचा. ऐकणारा पाचव्या चाकूला जांभई द्यायचा. त्याची बायको सावित्री पहिल्यालाच द्यायची. "घरात भाजी चिरायला विळी एक, आणि चाकू एकशे अकरा," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि ते खरंही होतं. मुलगी अक्षया लग्न होऊन कल्याणला गेली. तिने एकदा विचारलं, बाबा, तुमच्यामागे यांचं काय करायचं? धोंडूला दोन दिवस जेवण गेलं नाही.

निवृत्त होऊन तो घरी बसला तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं आणि ऐकणारं माणूस एकही नव्हतं. त्याचं त्याला एवढं वाईट वाटायचं की काही दिवस तो नुसता समुद्राच्या पुळणीवर जाऊन बसायचा.

ऐकणारा माणूस त्याला राजापुरात भेटला. भाचीसाठी स्थळ बघायला तो तिकडे गेला होता. बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याने गोणपाटावर बिजागऱ्या, कुलपं, तुटके कंदील मांडले होते, आणि त्या ढिगात एक छोटा गंजका चाकू होता. धोंडूने हात घातला तेव्हा त्याच चाकूवर दुसरा एक हात येऊन टेकला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, काखेत छत्री. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"उचला," ते गृहस्थ म्हणाले, "पण हा कशाचा आहे ते सांगितल्याशिवाय जाऊ देणार नाही."

धोंडूला सांगता आलं नाही. जगभरचे चाकू ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्यातला चाकू ओळखता आला नाही. मग त्या गृहस्थांनीच सांगितलं, की हा आंब्याची कलमं बांधणाऱ्याचा चाकू, याच्या पाठीला हे जे बोथट टोक आहे ते साल अलगद उचलायला, आणि हा केळवलीकडच्या लोहाराच्या हातचा आहे, कारण पात्याच्या बुडाशी तो अशीच एक चंद्रकोर ठोकायचा. धोंडूने तिथेच कान पकडले आणि त्यांच्यामागून चहाला त्यांच्या घरी गेला.

हे चिंतामणी हर्डीकर. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. तहसील कचेरीत कारकून होते, आणि कामानिमित्त तालुक्यातलं गाव न् गाव पायाखाली घातलेलं. लोकांच्या घरी कागदपत्रं बघायला जायचे आणि कागद बघून झाले की विचारायचे, घरात जुना चाकू आहे का हो? त्यांच्याकडे बासष्ट चाकू होते. सगळे इथलेच. बोरू तासायचे, कलमं बांधायचे, माडाच्या झावळीतून केरसुणीचे हीर काढायचे, एक तर नुसता खरजेच्या औषधाची मुळी खरवडायचा. प्रत्येकाची हकीकत त्यांनी वहीत सुबक अक्षरात लिहून ठेवली होती. कोणाचा, कोणी घडवला, कोणी दिला.

दोघांचं मेतकूट जमलं ते असं की सावित्री म्हणायची, लग्न माझ्याशी झालंय की हर्डीकर अण्णांशी ते एकदा ठरवा. महिन्यातून एकदा धोंडू एसटीने राजापूरला जायचा, एकदा अण्णा भाट्याला यायचे. ओटीवर पंचा अंथरायचा. अण्णांनी एक चाकू पंच्यावर ठेवायचा, धोंडूने उचलायचा, उघडायचा, बघायचा, पुन्हा पंच्यावर ठेवायचा. मग धोंडूचा. हातातून हातात काही जायचं नाही. भांडण तेलावरून. धोंडू म्हणायचा मशीनचं तेल, अण्णा म्हणायचे उंडीच्या बियांचं. पावसाळ्यात पात्यांना गंज चढू नये म्हणून दोघेही आपापलं तेल लावायचे आणि गणपतीनंतर एकमेकांच्या चाकूंवर तांबारा शोधायचे. सापडला की दिवसभर खुशीत.

शिवलकर, तुम्ही, असं अण्णा पहिलं वर्षभर म्हणत होते. मग एकदा धोंडू म्हणण्यावर आले, आणि धोंडूला तेव्हा कोणीतरी बढती दिल्यासारखं वाटलं. अण्णांच्या माजघरात बसून त्याने सुनेच्या, मनस्विनीच्या हातची घावनं खाल्ली. मुलगा यज्ञेश त्याला काका म्हणू लागला.

मग ते झालं. सहा वर्षं होतील त्याला.

राजापुरातल्या एका शाळेने कसल्याशा वर्धापनदिनाला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. अण्णांच्या चाकूंना एक मोठं टेबल दिलं होतं. भोवती गर्दी होती, गावातली चार प्रतिष्ठित मंडळी होती, यज्ञेश होता. अण्णांनी मुद्दाम निरोप पाठवून धोंडूला बोलावून घेतलं होतं. सगळ्यांना सांगत होते, हा माणूस जगभरचे चाकू बघून आलाय, काय विचारायचं ते याला विचारा. धोंडूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून, तो एखाद्या साहेबासारखा टेबलामागे उभा होता आणि लोकांच्या शंकांना उत्तरं देत होता.

सगळे चाकू दाखवून झाल्यावर अण्णांनी आपल्या सदऱ्याच्या खिशातून आणखी एक काढला. काळ्या शिंगाची मूठ असलेला. धोंडूने तो कधी बघितला नव्हता. अण्णांनी तो टेबलावरच्या कापडावर ठेवला आणि म्हणाले, "हा आमच्या घरातला. पणजोबा याच्याने बोरू तासायचे. धोंडू, उचल."

धोंडूने उचलला नाही. हात पाठीमागेच ठेवून तो नुसता वाकला, आणि जिभेला हाड नसल्यासारखं बोलून गेला. "पाता जुना हाय अण्णा, पण मूठ पन्नास-साठ वर्षांपलीकडची नाय. कोणीतरी फसवलाय तुम्हाला."

लोक हसले. वाईट मनाने हसले असंही नाही. एवढ्या जाणकाराने एवढ्या जाणकाराला पकडलं, याचं हसले. अण्णा हसले नाहीत. एखादा चाकू पंच्यावर ठेवला आणि समोरच्याने तो उचललाच नाही, असं त्या दोघांत इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं. अण्णांनी तो मिटलेला चाकू कापडावरून उचलून परत खिशात घातला आणि समोरच्या बाईंना कलमाच्या चाकूबद्दल सांगू लागले. संध्याकाळी धोंडू निघाला तेव्हा ते त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले नाहीत.

पुढच्या महिन्यात अण्णा भाट्याला आले नाहीत. धोंडूलाही नाक होतं. तोही गेला नाही. खरं तेच बोललो, त्यात राग कसला, असं तो सावित्रीला वरचेवर सांगत राहिला. न विचारता वरचेवर सांगायचा, म्हणजे आत काय चाललं होतं ते सावित्रीला कळत होतं.

वर्षभराने यज्ञेश कामासाठी रत्नागिरीला आला, तेव्हा वाट वाकडी करून घरी आला. बोलता बोलता त्याने सांगितलं. मूठ नवी होती हे अण्णांना कोणी सांगायची गरज नव्हती. पणजोबांच्या चाकूची मूठ अण्णांच्या हातून बारा वर्षांचे असताना फुटली होती. त्यांचे वडील तेव्हा क्षयाने अंथरुणाला खिळलेले. अंथरुणातच उशीला टेकून म्हशीच्या शिंगाच्या तुकड्यातून त्यांनी दीड महिना घासून घासून ती नवी मूठ केली आणि दिवाळीच्या आत गेले. अण्णा तो चाकू कोणाला दाखवत नसत. त्या दिवशी त्यांनी तो आणला होता तो दाखवायला नव्हेच. लोकांसमक्ष धोंडूला द्यायचा, असं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं. उचल म्हणाले ते त्यासाठी.

यज्ञेश गेल्यावर धोंडू मागच्या पडवीत जाऊन बसला. सावित्री म्हणाली, उद्याच्या उद्या जा आणि पाय धरा. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी राजापूर गाडीत बसलाही. वाटेत लांज्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तसा तोही उतरला आणि समोर रत्नागिरीची गाडी उभी दिसली ती धरून परत आला. कोणत्या तोंडाने जायचं, हे त्याला सुचेना. समोर जाऊन काय बोलायचं? तुमच्या मरत्या बापाने केलेली मूठ मी खोटी ठरवली, असं बोलायचं? एकदा न गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा जाणं आणखी अवघड होतं. गणपती आले, शिमगा आला, आंब्याचा हंगाम गेला. अशी पाच वर्षं गेली. चाकूंना तेल लावायचं त्याने चालू ठेवलं, पण ओटीवर पंचा काही पुन्हा अंथरला नाही.

या पौषात मनस्विनीचा फोन आला. अण्णांना अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. काय बोलतात ते कोणाला समजत नव्हतं. डाव्या हाताने वहीत मोठ्ठी वेडीवाकडी अक्षरं काढून ते काय हवं ते सांगायचे. "काल त्यांनी तुमचं नाव लिहिलं," ती म्हणाली. "याल का?"

धोंडूने त्या रात्री अन्न बाजूला सारलं आणि पहिल्या गाडीने निघाला. या वेळी लांज्याला तो उतरलाच नाही. खिडकीला डोकं टेकून एकच गोष्ट मनात घोटत होता. आज अण्णा समोर जे ठेवतील ते उचलायचं. काही बोलायचं नाही, बघायचं नाही, वाकून पारख करायची नाही. अण्णांनी लाकडाचा ढपला ठेवला तरी उचलून कपाळाला लावायचा. देवाने एवढी एक संधी दिली आहे, ती आपल्या हातून जाता कामा नये, असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होता.

माजघरात खिडकीशी खाट होती. अण्णा अर्धे झाले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण धोंडू दारात दिसल्याबरोबर डोळ्यांत ओळख आली आणि घशातून एक आवाज निघाला. धोंडू खाटेशेजारच्या खुर्चीवर बसला. "अण्णा, मी चुकलो," एवढंच म्हणाला. अण्णांनी डावा हात हलवून ते राहू दे, अशी खूण केली. स्टुलावर चाकूंची पेटी होती, बासष्ट चाकूंची. ती त्यांनी मनस्विनीकडून आधीच काढून ठेवून घेतली होती. मनस्विनी चहा करायला आत गेली.

मग अण्णांनी उशीखाली हात घातला. बराच वेळ चाचपडून तो शिंगाच्या मुठीचा चाकू काढला. आणि तो मुठीत धरून हात सरळ धोंडूपुढे केला.

धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. हात आपसूक उठला आणि अर्ध्यावर थांबला. अण्णा चाकू हातात देत होते. हातातून हातात. आजाराने बिचाऱ्यांना विसर पडलाय, त्याच्या मनात आलं. आत्ता हा असा घेतला तर पुन्हा काहीतरी होईल, पुन्हा वितुष्ट येईल, आणि आता पुन्हा सहा वर्षं वाट बघण्याइतकं आयुष्य दोघांकडेही नाही. एवढ्या कष्टाने जोडत आलेलं तुटायला नको. त्याने प्रेमानेच तो हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि खाटेवरच्या चादरीकडे मानेने खूण केली. इथे ठेवा.

अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. हात तसाच पुढे. धोंडूने पुन्हा चादरीकडे खूण केली. चाकूबद्दल तोंड उघडायचं नाही, असं घोटून आला होता, म्हणून खुणेवरच राहिला. तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. अण्णा त्याच्या पाठीमागे नेलेल्या हातांकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा हात खाली आला. चाकू चादरीवर ठेवला नाही. तो त्यांनी मुठीतच धरून पांघरुणाखाली नेला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मनस्विनी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, दमले असतील, लगेच दमतात. धोंडूलाही तसंच वाटलं. त्याने चहा घेतला, अण्णांच्या पायांना हात लावला, रविवारी येतो म्हणाला. अण्णांनी मान वळवली नाही. झोपले असतील, असं तो समजला.

परतीच्या गाडीत त्याच्या मनात पाल चुकचुकली. बोलता न येणाऱ्या माणसाने चाकूसाठी उशीखाली हात घातला, तर त्याला बाकी सगळं आठवत होतं आणि तेवढंच विसरला, असं कसं? पण गाडी लांज्याच्या पुढे आली होती, दिवस कलत आला होता, आणि रविवार काही लांब नव्हता. चारच दिवस. रविवारी सगळं नीट सांगू, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी दुपारी फोन आला. अण्णांना दुसरा झटका आला होता. इस्पितळातून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता घरीच बरे.

शनिवारी सकाळी धोंडू पोचला तेव्हा घरात शेजारपाजारची माणसं होती, हळू आवाजात बोलत होती. अण्णांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कुठे बघताहेत ते कळत नव्हतं. यज्ञेश औषधं आणायला गेला होता. मनस्विनीने धोंडूला खाटेशी बसवलं, चाकूंची पेटी आणली आणि रीतीप्रमाणे त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. तिच्यावर शिंगाच्या मुठीचा तो चाकू ठेवला. "हे सगळे तुमचेच," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं त्यांनी."

धोंडूने हात पुढे केला नाही. तो म्हणाला, त्या दिवशी अण्णांना विसर पडला, हातात देत होते, म्हणून मी घेतला नाही. ते जागे झाले की सांग त्यांना.

मनस्विनीने कपाटावरची वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पानं उलटून दाखवली. विसर पडला नव्हता, ती म्हणाली. धोंडू यायच्या आदल्या दिवशी अण्णा डाव्या हाताने चाकू धरून पुढे करायची सवय करत होते. तिने त्यांना म्हटलंसुद्धा, की बाबा, चाकू हातात देऊ नये ना, मी खाली ठेवते. तेव्हा त्यांनी लिहून दिलं होतं.

एका अख्ख्या पानावर दोन ओळी होत्या. अक्षरं एकमेकांवर चढलेली, पण वाचता येत होती.

"भांडायला आता वेळ कुठे आहे. धोंडूला हातात देणार."

धोंडूने ते दोनदा वाचलं. मनस्विनीने पान उलटावं की नको, असा थोडा विचार केला असावा. मग उलटलं. त्या संध्याकाळचं, म्हणजे धोंडू चहा घेऊन गेल्यानंतरचं पान होतं. त्याच्यावर दोनच शब्द होते.

"नाही घेतला."

धोंडू शिवलकर आई गेली तेव्हा बोटीवर होता, वडील गेले तेव्हाही बोटीवर होता, आणि दोन्ही वेळा त्याने पाळी संपेपर्यंत काम केलं होतं. त्या माजघरात, परक्या बायांसमोर, तो वहीवर डोकं ठेवून रडला. हात कापला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. प्रदर्शनातला अपमान निदान अज्ञानाने झाला होता. हा त्याने जपून, विचार करून, प्रेमापोटी केला होता.

जरा वेळाने त्याने चेहरा पुसला. जमिनीवरचा चाकू उचलायला मनस्विनी सांगत होती. तो म्हणाला, "पोरी, मी नाय उचलणार. तो अण्णांच्या हातात दे."

तिला कळलं. तिने चाकू उचलून अण्णांच्या डाव्या हातात ठेवला. बोटं मिटेनात, तेव्हा तिने आपल्या दोन्ही हातांनी ती मुठीभोवती मिटून धरली आणि तो हात थोडा वर उचलला. धोंडू वाकला आणि दोन्ही हात पुढे करून त्याने तो चाकू अण्णांच्या हातातून घेतला. मूठ गार होती, अण्णांचा हात गरम होता.

"घेतला, अण्णा," तो म्हणाला. "हातात घेतला."

अण्णांचे डोळे होते तिथेच राहिले. धोंडूने पुन्हा सांगितलं. मग वाऱ्यात डेकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी तसं मोठ्याने सांगितलं, तेव्हा बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मनस्विनी म्हणाली, काका, त्यांना ऐकू येत असेल. पण ते तिने त्याच्यासाठी म्हटलं, हे त्याला समजलं.

संध्याकाळच्या गाडीने तो पेटी घेऊन घरी आला. अण्णा त्यानंतर दोन दिवस होते. दोन्ही दिवस सकाळी आणि संध्याकाळी धोंडूने राजापूरला फोन लावला. तब्येत कशी आहे ते तो विचारायचा नाही. अण्णांनी वहीत काही लिहिलं का, एवढंच विचारायचा, आणि मनस्विनी नाही म्हणून सांगायची.